पी गं, अजून एक घोट

तिला मैदानावर सगळे सावली म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण ते आता फक्त सासू चिडली की बाहेर काढायची. बाकी जगाला ती सावली, कारण कामच तसं. शर्यत संपली की ज्या खेळाडूची उत्तेजक औषधांसाठी तपासणी ठरली असेल तिच्या पाठीला चिकटायचं, आणि तिने लघवीचा नमुना देईपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. ती बसली की बसायचं, उठली की उठायचं, मैत्रिणी मिठ्या मारायला धावल्या की त्या मिठीच्या कडेला उभं राहायचं. जिंकणाऱ्या मुलींच्या फोटोत कोपऱ्यात एक अर्धा खांदा आणि एक कान दिसतो ना, तो हिचा.

सासूला या कामाचं भारी कौतुक. म्हणजे तोंडावर नाही, तोंडावर तिची गाडी वेगळ्याच रुळावर असायची.

"लोकांच्या सुना शिवणकाम करतात, गाणं शिकतात," ती म्हणायची. "आमची लोकांच्या मुलींना शू करायला घेऊन जाते."

"मानाचं काम आहे आई. गळ्यात ओळखपत्र घालायला देतात."

"घंटा तर मांजरीच्याही गळ्यात बांधतात."

पण संध्याकाळी सून घरी आली की पहिली दारात हीच. आज कोण होती, किती वेळ लागला, रडली का, नळ सोडावा लागला का. सगळी बित्तंबातमी हवी, आणि ती ऐकताना डोळे असे लकाकायचे की जणू म्हातारी स्वतः पळून आलीय.

आठवड्याचे बाकीचे दिवस सावली तरणतलावावर. बायकांच्या बाजूला, शिट्टी गळ्यात, काठाकाठाने फेऱ्या. तिथे तिला खुर्ची दिलेली होती, उंच, छत्रीवाली. त्या खुर्चीवर बसलेलं तिला कुणी पाहिलं नाही, तिच्यावर टॉवेल वाळायचे. बसणं हा प्रकार तिच्या पत्रिकेतच नव्हता. घरी भाजी चिरायची तीसुद्धा ओट्याभोवती गोल फिरत. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकणाऱ्यांच्या शेजारी बसून त्याच्या उजव्या पायाला सवय लागलेली, टीव्ही बघतानासुद्धा फरशीवर ब्रेक दाबायचा. ही दोघं सोफ्यावर शेजारी बसली की सोफा आपोआप पुढे सरकायचा. सासू मुद्दाम लांबच्या खुर्चीत बसायची. म्हणायची, "मला समुद्र लागतो."

पाण्याचं वेडही असंच जुनं. तरुणपणी सावली चालण्याच्या शर्यतीत होती. कंबर हलवत, कोपरं मारत, भराभरा चालायचं, पण पळायचं नाही, असली ती शर्यत. गल्लीतली पोरं मागून नक्कल करत यायची आणि ही त्यांना सहज मागे टाकायची. तेव्हाच्या तिच्या सरांचं ठाम मत, की शर्यतीत पाणी प्यायलं की पोट जड होतं आणि पाय ऐकत नाहीत. चूळ भरायची आणि थुंकायचं. ती बिचारी चूळ भरायची आणि थुंकायची. एका भर उन्हाळ्यात, शेवटची रेघ समोर दिसत असताना, ती वळली आणि उलट्या दिशेने चालायला लागली. लोक ओरडताहेत, अगं इकडे, इकडे, आणि ही अगदी निवांत चेहऱ्याने मैदानाबाहेर चाललीय. मग कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं. डोळे उघडले तेव्हा काखेत बर्फ, मानेखाली बर्फ, आणि आई शेजारी बसून कुणाला तरी शिव्या देत होती.

तेव्हापासून पाणी. घरी पाहुणा उंबरा ओलांडायच्या आत त्याच्या हातात ग्लास. तलावावर लेकरं पाण्यातून बाहेर आली की त्यांना पाणी. आणि मैदानावर तर विचारूच नका. तपासणीच्या खोलीत घसा कोरडा पडलेली, अंगातला सगळा घाम गाळून आलेली मुलगी बसलेली असायची, आणि सावलीचं सुरू व्हायचं, "पी गं, अजून एक घोट." मुली तिच्यामागे तिची नक्कल करायच्या. एकीने म्हणे स्वतःच्या लग्नात नवऱ्याला सरबत देताना अगदी त्याच सुरात म्हटलं, आणि अर्धा मंडप हसला.

तर ही अशी सावली, आणि तो दिवस.

लांब पल्ल्याची रस्त्यावरची शर्यत होती. मैदानातून निघायचं, बाहेरच्या डांबरी रस्त्याला फेऱ्या मारायच्या, परत मैदानात. सुटायची होती पहाटे, पण वेळ मोजणारं यंत्र रुसलं. ते मनवेपर्यंत सूर्य चांगला डोक्यावर आला. डांबर मऊ पडलेलं, चपलेला चिकटायचं. वाटेवर टेबलं मांडलेली, त्यावर पाण्याचे पेले, ओले स्पंज, बर्फ भरलेल्या टोप्या. सावलीला तिथे नुसतं उभं राहायचं होतं, तर ती त्या टेबलांना चकरा मारून आली. बर्फ पुरेल का, स्पंज ओले आहेत का. टेबलावरचा माणूस शेवटी म्हणाला, "ताई, तुम्हीच पळा, मी सावली होतो."

पहिल्या दोघी अपेक्षेप्रमाणे आल्या. तिसरी आली ती कुणाच्या गणतीत नव्हती. लांबलचक, हडकुळी, शेंगेसारखी. तिला तिचे सरसुद्धा शेंग म्हणूनच हाक मारत होते, "शेंगे, हात हलव, हात." शेवटच्या सरळ रस्त्यावर तिने आणखी दोघींना मागे टाकलं आणि रेघ ओलांडून गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. तपासणी पहिल्या तिघींची होणार होती, त्यातली तिसरी सावलीकडे. म्हणजे शेंग सावलीच्या वाट्याला.

सावली गेली, ओळखपत्र दाखवलं, नेहमीचं बोलली. "तुझी तपासणी आहे बाळ. आतापासून मी तुझ्यासोबत."

यावर मुली दोन प्रकारे वागतात. एक तर कंटाळून मान हलवतात, नाहीतर विचारतात, आधी फोटो काढू का. शेंगेचा चेहरा मात्र खाडकन पडला.

"आजच?" तिने विचारलं.

"नाही, सवडीने ये. मी इथेच उभी राहते."

शेंग हसली नाही. बोटातली अंगठी फिरवत म्हणाली, "पाणी कुठे मिळेल?"

आता सावलीला यापेक्षा गोड प्रश्न दुसरा कुठला? मुलीचा पडलेला चेहरा ती तिथल्या तिथे विसरली.

तपासणीची खोली मैदानाच्या पोटात होती. खिडकी नाही, भिंती पांढऱ्या, थंड हवेचं यंत्र घरघर करणारं. एका कपाटात सीलबंद पाण्याच्या बाटल्या. त्या खेळाडूने स्वतः उचलायच्या, स्वतः उघडायच्या, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, उगाच नंतर कुणी म्हणायला नको की मला काहीतरी पाजलं. टेबलामागे नमुन्याच्या बाटल्यांना सील लावणाऱ्या मॅडम बसायच्या. कडक इस्त्रीच्या, कमी बोलणाऱ्या. सावली आणि त्या कितीतरी वर्षं एकत्र काम करत होत्या, आणि त्यांच्यातलं सगळ्यात लांब संभाषण यंत्राच्या घरघरीवर झालं होतं.

शेंगेने पहिली बाटली उघडली आणि उभ्या उभ्या संपवली. दुसरी बसून. सावली खुशीत. पहिली आलेली मुलगी आली, आत गेली, बाटली भरून निघूनही गेली. दुसरी आली, थोडा वेळ बसली, तिचंही झालं. शेंग बसून राहिली. लघवीचा पत्ता नाही.

"होतं असं," सावली म्हणाली. "ऊन पिऊन आलीयस तू. आतल्या विहिरी आटल्यात. पी गं, अजून एक घोट."

मग सगळे नेहमीचे उपाय झाले. नळ सोडून झाला. हात गार पाण्याखाली धरून झाले. बूट काढून गार फरशीवर अनवाणी चालवून झालं. शेंग पुढे, सावली मागे, खोलीतल्या खोलीत फेऱ्या, आणि मॅडमच्या कपाळावर हळूहळू आठी. दाराबाहेर शेंगेचे सर घिरट्या घालत होते. दार किलकिलं करून म्हणाले, "अगं, गाडी निघेल आपली. आटप की."

"सर, ती काय मुद्दाम धरून बसलीय का?" सावली म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

शेंगेला स्वस्थ बसवत नव्हतं. गुडघा हलतोय, टाच आपटतेय, आणि अंगठी. बारीकशी, चांदीची, थोडी सैलच. अंगठ्याने ती सारखी फिरवत राहायची, गोल गोल, जणू कुलूप उघडतेय. सावली स्वतः चुळबुळीची महाराणी, पण या पोरीने तिलाही अस्वस्थ केलं.

"कुणी दिली?" तिने विचारलं.

"मोठ्या बहिणीने. ती पळायची आधी. मग लग्न झालं." मग एकदम, "ताई, पाणी खूप प्यायलं की आतलं सगळं लवकर बाहेर जातं ना?"

इतक्या वर्षांत सावलीला हा प्रश्न दोनच जातीच्या माणसांनी विचारला होता. एक, ज्यांचं पोट साफ होत नाही. आणि दोन, ज्यांच्या पोटात भीती आहे. शेंगेकडे बघून पोटाची तक्रार वाटत नव्हती.

काय घेतलंस म्हणून विचारणं सावलीचं काम नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ऐकायचंही नव्हतं. ऐकलं की सांगावं लागतं. तिच्या कामाचा नियमच तो, जे दिसेल आणि जे ऐकू येईल ते मॅडमना सांगायचं. मुलगी गोड होती, हडकुळी होती, आणि कुणाच्या गणतीत नसताना तिसरी आली होती. सावलीने नजर त्या कपाटाकडे वळवली.

"एक बाटली आण अजून," ती म्हणाली.

शेंगेने आणली. रिकाम्या बाटल्यांची कोपऱ्यात रांग लागली. मुलगी पाणी खाली ठेवायची, सावली नजरेने परत तिच्याकडे ढकलायची. मुलगी न कुरकुरता प्यायची. आता एखादीला शंका आली असती, की बाई, एवढं पाणी आत जातंय तर ते राहतंय कुठे? पण सावलीच्या डोक्यात पाणी म्हणजे चांगलं, आणि जास्त पाणी म्हणजे जास्त चांगलं. त्या चुळीने आणि थुंकीने तिचं डोकं कायमचं एका बाजूला वाकवून ठेवलं होतं.

मग शेंग शांत झाली.

गुडघा थांबला. टाच थांबली. सावलीला आधी बरंच वाटलं, की चला, पोरगी निवांत झाली. मग तिचं लक्ष हाताकडे गेलं. अंगठा अजून अंगठीवर होता. फिरवायला बघत होता. अंगठी हलत नव्हती.

माणसाकडे बघत राहणं हेच जिचं काम, तिला असली गोष्ट चिमट्यासारखी लागते. थोड्या वेळापूर्वी ही अंगठी सैल होती. आता ती मांसात रुतली होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बोट फुगून वर आलं होतं. सावलीने मनगटाकडे बघितलं. घड्याळाचा पट्टा कातडीत गेलेला. पायातल्या मोज्यांच्या कडा खोल उमटलेल्या.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"डोकं," शेंग म्हणाली. "डोकं फुटतंय. ताई, सुटली का?"

"काय सुटली?"

"शर्यत. यंत्र नीट झालं का?"

हा चेहरा सावलीने आरशात बघितला नव्हता, पण आतून ओळखला. मैदानाबाहेर निवांतपणे उलटं चालत जाणारा चेहरा. ऊन लागलंय हिला, उष्माघात, दुसरं काय. तोंडातून आपोआप निघालं, "पी गं, अजून एक..." आणि शेंग पुढे वाकली आणि ओकली. अन्न नाही, पित्त नाही. स्वच्छ पाणी. फरशीभर पाणी.

सावलीने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

तिचं स्वतःचं अंग तेव्हा तव्यासारखं होतं, आई आयुष्यभर सांगत राहिली होती. आणि ही गार, फुगलेली, पाणी ओकणारी. सावलीचा हात कपाळावर तसाच राहिला आणि नजर गेली कोपऱ्यातल्या त्या बाटल्यांवर. त्या सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा. आत्ता."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. तरुण, घामाघूम, सकाळपासून उन्हाने पडलेल्यांना उचलून उचलून दमलेल्या. पण हात भराभर चालत होते. ताप बघितला, बोटं दाबून बघितली, डोळ्यात उजेड टाकला.

"ऊन नाही लागलंय हिला," त्या म्हणाल्या. "शर्यतीच्या आधीपासून किती पाणी प्यायलीस तू?"

"थोडंच," शेंग म्हणाली.

"नीट सांग. अंगात पाणी कमी असेल तर मी पाणी देणार. जास्त झालं असेल तर एक थेंबही देऊन चालणार नाही, उलट मीठ द्यावं लागेल, तेही जपून. नुसतं पाणी प्यायलीस की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि मग मेंदूला सूज येते. दवाखान्याची गाडी बोलावलीय मी. पण मला आत्ता ठरवायचंय."

"थोडंच," शेंग पुन्हा म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

सावली पुढे झाली. "या खोलीत मी पाजलंय डॉक्टर. त्या कोपऱ्यातल्या सगळ्या हिच्या. उघडल्या हिने, पण ती खाली ठेवत होती आणि मी पुन्हा पुन्हा हातात घ्यायला लावत होते. माझी चूक आहे."

मॅडमनी मान वर केली.

"आणि त्याआधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शेंगेने डोळे उघडले आणि सावलीकडे बघितलं. "ताई, तुम्ही बाहेर जा ना."

"मला जाता येत नाही बाळ."

"मग ऐकू नका."

"कानाला झाकण नसतं गं." सावली तिच्या शेजारी फरशीवर बसली, त्या ओल्यात. बसली, हे लक्षात घ्या. "हे बघ, मी तुला फसवणार नाही. तू जे बोलशील ते मला मॅडमना सांगावं लागेल. मॅडम तर इथेच आहेत. पण तुझी अंगठी बघ."

शेंगेने हात वर धरला. स्वतःचंच बोट कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं बघत राहिली. मग तिने सांगितलं.

वसतिगृहात तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडे एक डबा होता. वरचा कागद फाटलेला. पूड पाण्यात घालून प्यायची, उन्हात दम टिकतो म्हणे, घाम कमी येतो. सकाळी हिने एक चमचा घेतला. जेवण नाही, कारण भाताने अंग जड होतं असं कुणीतरी सांगितलेलं. मीठ तर कितीतरी दिवस बंद, मिठाने अंग फुगतं म्हणून. मग शर्यत सुटायची वाट बघत सगळ्या उभ्या असताना तीच मैत्रीण हसत हसत म्हणाली, अगं, अशा एका डब्यापायी मागे एक मुलगी पकडली गेली होती. झालं. तिथून शेंगेने पाणी प्यायला सुरुवात केली. यंत्र दुरुस्त होईपर्यंत पीत राहिली. शर्यतीत प्रत्येक टेबलावर दोन दोन पेले. धुऊन काढायचं होतं तिला सगळं. आणि मग या खोलीत देवाने तिला सावली दिली.

"बरं झालं सांगितलंस," डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, आणि बॅगेतून खारट, घट्ट असं काहीतरी काढून तिला घोट घोट द्यायला लागल्या. शेंगेने तोंड वाकडं केलं.

"पी," सावली म्हणाली, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

गाडीतून शेंगेबरोबर सावली गेली, कारण नमुना अजून बाकी होता आणि नजर हलवायची नव्हती. मागच्या गाडीतून मॅडम, मांडीवर सीलच्या बाटल्यांची पेटी घेऊन. दवाखान्यात शिरेतून मिठाचं औषध सुरू झालं. परिचारिका अंगठी कापायचं पातं घेऊन आली, तशी इतका वेळ गप्प पडलेली शेंग हमसून हमसून रडायला लागली.

"बहिणीची आहे," सावली परिचारिकेला म्हणाली. "बोट निळं पडत नाहीये ना अजून? मग जरा थांबा की. पाणी उतरेल."

परिचारिकेने बोट दाबून बघितलं, नख बघितलं. "थोडा वेळ थांबते," ती म्हणाली. "निळं दिसलं की कापणार."

सावली पलंगाशेजारी उभी. खुर्ची होती, बसवेना. पलंगाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, पण नजर बोटावर. दाराबाहेर सर होते. शेंगेच्या बहिणीला फोन करत होते आणि प्रत्येक वाक्य "घाबरू नका" ने सुरू करत होते, म्हणजे पलीकडची बाई किती घाबरली असेल बघा.

आणि मग, ऊन कलायला लागलं तेव्हा, शेंग म्हणाली, "ताई, मला जायचंय."

"कुठे?"

"तिकडे."

सावली, मॅडम आणि सलाईनचा खांब, अशी तिची वरात निघाली. एकीने खांब धरला, एकीने बाटली. आणि मग आलं. असं आलं, की ते थांबायचं नावच घेईना. बाटली भरली तरी संपेना. मॅडम आयुष्यात पहिल्यांदा हसल्या असतील. "पुरे," त्या म्हणाल्या, "आम्हाला एवढं लागत नाही."

परत पलंगावर आल्यावर शेंग थकून पडली. अंगठा अंगठीवर गेला. ती जराशी हलली. अर्धा फेरा, मग पूर्ण.

सावलीने खाली मान घालून मॅडमना चमच्याचं सगळं पुन्हा नीट सांगितलं, शेंगेच्या समोर. शेंगेने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने सावलीला निरोप दिला नाही, आणि सावलीने तो मागितलाही नाही.

आता एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. तपासणीत काय निघालं हे सावल्यांना कुणी सांगत नाही. तो निकाल वरच्या कचेरीत जातो, खेळाडूकडे जातो, सावलीचं काम बाटलीपाशी संपतं. आजवर तिला त्याची फिकीर नव्हती. पण आता ती रोज सकाळी उठायची आणि तिच्या डोक्यात तो फाटक्या कागदाचा डबा उघडायचा. काय असेल त्यात? पोरीची दोन वर्षं जातील? चार? मॅडमना विचारावं, तर त्यांची इस्त्री बघून धीर व्हायचा नाही.

वरच्या कचेरीत तिला बोलावून समज दिली. पाणी पाजणं तुमचं काम नाही, तिला तहान लागली तर ती पिईल. एका दिवसाचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. ऊन असेल तर अंग बाहेरून गार करा, बर्फ लावा, ओला टॉवेल ठेवा, पण पाणी तहानेपुरतं, आणि सोबत मीठ, खाणं. सावलीने सगळं निमूट ऐकलं. ज्या सरांनी तिला थेंबभर पाणी दिलं नव्हतं त्यांच्यावर ती जन्मभर दात खाऊन होती. आता रात्री अंथरुणात तिला ते सर आठवायचे, आणि आपण त्यांच्याच रांगेत, फक्त दुसऱ्या टोकाला उभ्या आहोत असं वाटायचं. कूस बदलायची, पुन्हा बदलायची. नवरा झोपेत ब्रेक दाबायचा.

घरी पाहुणे आले की ती ग्लास घेऊन दारात घुटमळायला लागली. द्यावा की विचारावं?

"अगं, दे की त्यांना पाणी," सासू म्हणाली. "मरायला थोडेच आलेत ते."

आणि पाहुणे गेल्यावर, भांडी आवरताना, म्हातारी हळूच म्हणाली, "त्या पोरीचं काही कळलं?"

"नाही आई."

"कळेल. पळणारी मुलगी आहे. ती गप्प बसणारय का घरात."

पुढची शर्यत उन्हाळ्याच्या तोंडावर आली. सावली मैदानात शिरली ती सरळ सुरुवातीच्या रेघेकडे. सरळ म्हणजे वाटेतल्या दोन दोऱ्या ओलांडून आणि एका पोलिसाच्या कोपराखालून. बंदी आलेली मुलगी रेघेवर उभी राहू शकत नाही, एवढं साधं गणित होतं. तिने मुली बघितल्या. बुटकी, गोरी, चष्म्याची, वेणीची. शेंग नव्हती. पुन्हा बघितल्या. आणि मग मागच्या रांगेत बुटाची नाडी बांधायला वाकलेली एक मुलगी उभी राहिली, आणि उभी राहतच गेली.

सावलीचा जीव भांड्यात पडला. त्या भांड्याचा आवाज मैदानभर ऐकू गेला असेल.

शेंग त्या दिवशी पाचवी आली. तपासणी दुसरीची होती, त्यामुळे सावली दुसरीच्या पाठीला. ही दुसरी भराभर चालणारी होती, तपासणीच्या खोलीकडच्या बोगद्यातून तरातरा निघालेली. मागून कुणीतरी धापा टाकत सावलीच्या शेजारी आलं.

"ताई."

"बोल."

"माझ्याकडे बघा तरी."

"बघता येत नाही, हिच्यावर नजर आहे. बोल तू, कान मोकळे आहेत."

शेंग हसली. हसण्याचा आवाज सावलीने पहिल्यांदाच ऐकला. "तुमच्यावर राग होता मला."

"असणारच."

"खूप होता. माझी ताई म्हणाली, रागाव, पण जिवंत राहून रागाव."

"शहाणी आहे तुझी बहीण. काय होतं गं त्या डब्यात?"

"काय माहीत. माझ्या नमुन्यात काही नाही निघालं. डबा मी बेसिनमध्ये ओतला. फेस मात्र खूप आला. मैत्रीण अजून बोलत नाही माझ्याशी."

"आणि खातेस काय आता?"

"भात. बटाटे. अंडी. मीठ घालून."

"अंगठी?"

चालता चालता शेंगेने सावलीचा हात धरला आणि आपलं बोट तिच्या बोटांत दिलं. सावलीने समोरच्या मुलीच्या पाठीवरची नजर न हलवता अंगठी चाचपली. फिरवली. फिरत होती.

"जा आता," ती म्हणाली. "गाडी निघेल तुझी."

पांढऱ्या खोलीत दुसरी आलेली मुलगी खुर्चीत पडली. लाल झालेली, केस चिकटलेले. मॅडम टेबलामागे, यंत्राची घरघर तशीच. सावलीने ओला टॉवेल उचलला, पिळला, मुलीच्या मानेवर ठेवला. मुलीने कपाटाकडे बघितलं आणि मग सावलीकडे, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, कारण पुढे काय ऐकायचंय ते तिला माहीत होतं. सगळ्याच मुलींना माहीत होतं.

ते वाक्य सावलीच्या जिभेवर आलंच होतं. तिने ते गिळलं. एक फेरी मारली, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. परत आली.

"तहान लागलीय का गं तुला?" तिने विचारलं.